हौसाचा डावा काठ

आम्हांला लेस शिकवणाऱ्या बाईंना कुणी जेवायला बोलावलं की आमची अडचण व्हायची. जेवणाची अडचण नव्हती, त्या खायच्या किती ते विचारूच नका. अडचण उशांची होती. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी बैठकीवर जायची, आणि लोड किंवा तक्क्या दिसला की हात शिवशिवायचे. सांगवीच्या एका बागायतदाराकडे लग्नाला गेलो होतो. मांडवात वरपक्षाची बडी मंडळी लोडाला टेकून पान लावत बसली होती. बाई सरळ त्यांच्यात शिरल्या आणि व्याह्यांच्या पाठीमागचा लोड कोपरानं दाबून बघितला. मग मान हलवून म्हणाल्या, "लाडावलाय. ह्याच्यात टाचणी उभी ऱ्हायाची न्हाय."

व्याही बिचारे दचकून पुढं सरकले. "टाचणी कशाला उभी करायची, बाई? पाठ टेकायचीया."

"पाठ टेकाया भिंत असती," बाई म्हणाल्या आणि बायकांच्या पंगतीला जाऊन बसल्या.

त्यांच्या ओठांच्या एका कोपऱ्यात कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या. बोलणं, रागावणं, क्वचित हसणं, सगळं दुसऱ्या कोपऱ्यातून. नवीन आलेलीला वाटायचं की बाईंच्या तोंडावरून वारं गेलंय. आम्हांला मात्र त्या टाचण्यांची इतकी सवय झाली होती की त्या तोंडात असल्या की जिवाला बरं वाटायचं. टाचण्या काढल्या की बाई गप्प व्हायच्या, आणि त्यांचं गप्प होणं कधी चांगल्या कारणानं नसायचं.

बारामतीत कऱ्हा नदीच्या अंगाला महिला मंडळाची एक पत्र्याची खोली होती. पन्नास सालानंतरची ती वर्षं. त्या खोलीत बाई लेस करायला शिकवत. लहानपणी दुष्काळात त्यांचं घर पुसून गेलं, मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या, तिथं एका मडमेनं त्यांच्या हातात हे काम दिलं. लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमची छाती नव्हती. आधी इंदापूरला त्यांचा असाच वर्ग होता. तिथल्या अध्यक्षीणबाईंच्या लेकीची लेस त्यांनी सगळ्यांसमोर कात्रीनं कापली आणि तो वर्ग बंद पडला, असं ऐकलं होतं. कापली होती का, असं एकदा कुणी विचारलं तर म्हणाल्या, "कापण्याजोगीच हुती."

मी तेव्हा विशी ओलांडलेली. नवऱ्यानं टाकलेली, जळोचीला भावाच्या घरी राहणारी. टाकलेल्या बाईला घरात जागा असते पण बसायला नसते. जिथं बसेल तिथून तिला उठवायला काहीतरी काम निघतं. वर्गातल्या माझ्या चटईवरून मला कुणी उठवत नव्हतं. दुपारभर मी फक्त वाकडी लेस करणारी एक बाई असायची, आणि त्याबद्दल शिव्या खायची. त्या शिव्यांची मला गोडी लागली होती. आमच्यातल्या बऱ्याचजणींचं असंच काहीतरी होतं. कुणी विधवा, कुणाला मूल नाही, कुणाचा नवरा मुंबईला गेला तो गेलाच. ती पत्र्याची खोली गेली असती तर आमच्यासाठी गावात दुसरी खोली नव्हती.

ही लेस सुईनं होत नाही. एक घट्ट उशी असते. तिच्यावर नक्षीची भोकं पाडलेला पुठ्ठा ताणून बसवतात. सूत गुंडाळलेल्या लाकडी काड्या जोडी-जोडीनं लोंबत असतात. त्या एकमेकींवरून ओलांडायच्या, पीळ द्यायचा, की भोकात टाचणी रोवायची. टाचणी वीण धरून ठेवते. पुढं सरकत गेलं की मागची वीण बसते आणि मागच्या टाचण्या काढून पुढं लावता येतात. म्हणजे सगळा भार टाचणीवर, आणि टाचणीचा उशीवर. उशी मऊ निघाली तर टाचणी डुलते, टाचणी डुलली की भोक मोठं होतं, आणि मग बाईंची कात्री.

म्हणून नव्या बाईला त्या काड्यांना हातच लावू देत नसत. आधी उशी कर, म्हणायच्या. कापूस भरून आणला तर बोटानं दाबून परत द्यायच्या. "ही झोपायची. ही घरी ने, नवऱ्याला दे." वखारीतला लाकडाचा भुसा भरला तर उशी मांडीवर घेऊन म्हणायच्या, "धोंडा हाय. आन बाभळीचा ओला भुसा हाय, पावसाळ्यात टाचण्या गंजतील." कडब्याचे तुकडे त्यांना जाड वाटत. त्यांचं सगळं मन गव्हाच्या काडावर. चांगलं वाळलेलं, बोटाच्या पेराएवढं कापलेलं काड मांजरपाटाच्या पिशवीत मूठमूठ टाकायचं आणि मुसळानं ठेचत भरायचं, हाताला फोड येईपर्यंत. वरून गडद निळा अभ्रा, कारण पांढऱ्यावर पांढरं सूत बघून डोळे जातात. मग परीक्षा. बाई उशीवर आधी कोपर टेकत, मग चक्क बसत, आणि शेवटी एक टाचणी रोवून तिला नखानं टिचकी मारून कान जवळ नेत. टाचणी थरथरली नाही तर म्हणत, "हां. आता ही माग झाली, कोष्ट्याचा आसतो तसा. हिला आता उशी म्हनायचं न्हाय." आणि स्वतः मात्र आयुष्यभर हाताची उशी करून जमिनीवर झोपल्या.

आम्ही जळोचीहून दोघीजणी यायचो, मी आणि हौसा. कडेवर पोर घ्यावं तशी उशी घेऊन निघालो की वाटेवरचे गडी हसायचे, "निघाल्या बगा झोपायला!" मी मान खाली घालायची. हौसा हसून म्हणायची, "तुमच्या बायकूलाबी लावून द्या की, दमली आसंल." जळोचीला दिलेली, तिच्या सासरी ऊस आणि भाजीपाला. माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. पाण्याच्या गावात येऊन पडलेली कोरड्या गावची पोर, म्हणून तिला उसाच्या कुठल्याही गोष्टीचं फार कौतुक.

त्या कौतुकापायीच तिची पहिली उशी बिघडली. काड आणायचं कुठून, गुऱ्हाळावर चिपाडं पडलीत ढीगभर, फुकटची, वाळलेली, कडक. तिनं ती बारीक तोडून ठासून भरली. उशी अशी झकास झाली की बाई कोपर टेकून खूश झाल्या. आत काय आहे ते हौसानं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. हवा दमट झाली तेव्हा उशीला आंबूस वास यायला लागला. मग मुंग्या आल्या. एका सकाळी अभ्र्यावरून लेसेवर मुंग्यांची रांग चाललेली आणि सुताला पिवळा, चिकट डाग. पाखडल्यासारखी बाईंनी उशी उलटी केली, वास घेतला आणि टाचण्या तोंडात तशाच ठेवून म्हणाल्या, "अगं, ह्याच्यात साखर हाय. मुंगीला कळली, मला न्हाय कळली." भर वर्गात स्वतःची चूक कबूल करताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं. मग उशी उसवून चिपाडं चुलीत गेली, लेसही गेली. हौसा रडली नाही. आईला निरोप धाडला. सुप्याहून तिची आई डोक्यावर गव्हाच्या काडाचं पोतं घेऊन आली. स्वतःच्या हातानं पेरापेरानं कापून आणलं होतं. बाईंनी मूठभर काड हातात घेऊन वाकवून मोडलं, त्याचा आवाज ऐकला आणि हौसाच्या आईला म्हणाल्या, "असं काड मी कैक वर्षांत बघितलं न्हवतं." म्हातारी लाजून पदरात तोंड लपवून बसली.

उशी नंबरी झाली. हौसाची लेस मात्र कधी नंबरी झाली नाही. तिचा डावा काठ सैल पडायचा. उजवा काठ ताठ, मधली फुलं ठीक, आणि डाव्या काठाला दर थोड्या अंतरानं एक वेढा ढिला, हात हळूच सोडून दिल्यासारखा. बाईंनी तो किती वेळा कापला असेल! हाताला धरून दाखवला, मागं बसून काड्या ओढल्या, बोटांवर पट्टी मारली. दोन दिवस बरा राहायचा, मग परत ढिला.

"डाव्या काठाला तुझा जीव का लागत न्हाय गं?"

"लागतो की, बाई. पर हात आपसुक सुटतो."

बाईंना वर्गातल्या प्रत्येकीचा हात ओळखू यायचा. सगळ्यांच्या लेसा एकत्र करून द्या, डोळे मिटून बोटं फिरवून सांगायच्या, ही हिची, ही तिची, इथं हिला कुणीतरी हाक मारली होती. ह्याचा त्यांना मोठा ताठा होता. सगळ्या बारामतीला ते ठाऊक होतं. आणि हौसाची लेस ओळखायला तर बाईच लागत नव्हत्या, ती आम्हांलाही कळायची.

वर्गाच्या उशीवर घरचं काम करायचं नाही, हा बाईंचा नियम. माल पुण्याला जायचा, तेवढंच करायचं. हौसाला दिवस गेले आणि तिच्या उशीवर एक नवाच पुठ्ठा दिसायला लागला. अरुंद, बारीक पानांचा. आम्हांला कळलं, हे येणाऱ्या बाळाच्या कुंचीच्या काठाचं आहे. बाईंना कळलं नसेल असं होणंच शक्य नव्हतं. पण त्या हौसाच्या उशीजवळून जाताना दुसरीकडे बघत चालायच्या. आणि एक दिवस आपल्या पेटीतली जपून ठेवलेली सर्वांत बारीक सुताची गुंडी तिच्या मांडीवर टाकून म्हणाल्या, "हे पडलंय गं कुणाचं तरी, ठेव तुझ्यापाशी."

पोट वाढलं तशी हौसाला मांडी घालता येईना. पाय लांब करून, पोटाच्या पलीकडं उशी ठेवून ती हात लांब करून काम करायची. डावा काठ आणखीनच सैल पडू लागला. बाई बघायच्या, कात्री हातात घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. वर्गातल्या जुन्या बायका एकमेकींकडं बघायच्या. कात्री ठेवून द्यायची रीत त्या खोलीत नव्हती.

पहिलटकरणीला माहेरी न्यायचं असतं. सुप्याहून निरोप आला होता. पण उसाची तोड चालू होती, घरात माणूस हवं होतं, सासरच्यांनी आज-उद्या केलं. वाईट माणसं नव्हती ती. कामाची माणसं होती, आणि पोर तर दणकट दिसत होती. आई न्यायला यायच्या आधीच हौसाला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. हौसाचं रक्त थांबलं नाही. उजाडताना ती गेली. तिची आई पोचली ती सरणालाच.

मला अजून त्याचा राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही, पण येतो.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याची वाकळ, उशी, अंगावरचं पांघरूण मसणवट्याच्या कडेला नेऊन टाकतात. ओली बाळंतीण गेलेली, म्हणजे तर तिच्या अंथरुणाला कुणी काठीनंही शिवत नाही. घरच्या गड्यानं हौसाची वाकळ गुंडाळली, आणि कोपऱ्यात निळ्या अभ्र्याची उशी दिसली तीही उचलली. त्याच्या दृष्टीनं उशी ती उशी. तिच्यावर लोंबणाऱ्या काड्या त्यानं पाहिल्या असतील, पण बायकांचं काही असेल म्हणून सोडून दिलं असेल. कुणाला दोष देणार? आमच्या गावात उशीला माग म्हणणारी एकच बाई होती.

मी वर्गात जाऊन सांगितलं. आधी हौसाचं सांगितलं, बायका रडायला लागल्या. बाई रडल्या नाहीत, त्यांनी विचारलं, "तिची उशी?" मी सांगितलं.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, पदराला टोचल्या आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग गेले. मसणवट्याच्या कडेला, ओढ्याच्या वळणावर बाभळीखाली ती वाकळ पडली होती, फुटलेलं मडकं, घोंगडीचा तुकडा, आणि त्यांच्यावर उशी. कुत्र्यानं दोन-तीन काड्या ओढून सूत गुंतवलं होतं. बाकी लेस जिथल्या तिथं. बाई वाकल्या. टाचण्यांवरून त्यांनी हात फिरवला. एकही टाचणी हलली नव्हती. तेव्हा त्या रडल्या, उभ्या-उभ्या, आवाज न करता. मग उशी कडेवर घेतली आणि भर बाजारातून वर्गाकडं चालू लागल्या. एखादं झाकण घाला म्हणावं तर मला धीर झाला नाही. दुकानदार फळीवरून उठून बघत होते.

दुसऱ्या दिवशी निम्म्या चटया रिकाम्या. तिसऱ्या प्रहरी आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या, सोबत आणखी दोघीजणी. उंबऱ्याच्या आत कुणी आलं नाही.

"बाई, ती तेवढी नेऊन टाका. आजच्या आज. खोली गोमूत्र शिंपडून घेऊ, मग वर्ग पहिल्यासारखा चालू द्या. माझ्याकडे घराघरातून माणसं येऊन गेली."

"थोडे दिवस द्या," बाई म्हणाल्या. "वीत-दीड वीत लेस ऱ्हायलीया. झाली की मीच टाकून येते."

"सुतकसुद्धा फिटलं नाही अजून. बाळंतीण गेलेली आहे, बाई! पोरीबाळी येतात इथं."

"हौसा जिती असताना कुणाला वर तोंड करून बोलली न्हाय. मेल्यावर काय खाती का काय कुणाला?"

"मग लेस दुसऱ्या उशीवर घ्या."

"टाचण्या काढल्या की वीण सुटती."

"तर नवी करा. तुम्हांला काय अवघड आहे?"

"नवी माझी व्हईल," बाई म्हणाल्या. "हौसाची कशी व्हईल?"

अध्यक्षीणबाई खरं तर भल्या होत्या. त्यांनी गावातल्या पुरुषांशी भांडून ती खोली मिळवली होती. त्या हात जोडून म्हणाल्या, "एका उशीपायी एवढ्या बायांचं बसायचं ठिकाण जाईल हो. ह्या कुठं जातील, सांगा मला."

बाईंनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही उरलेल्या चौघी-पाचजणी भिंतीला टेकून उभ्या होतो. मला वाटलं, आता त्या उशी उचलून देतील. खरं सांगते, मला तसंच वाटत होतं की त्यांनी द्यावी. हौसा काही परत येणार नव्हती, आणि मला उद्या बसायला चटई हवी होती. बाई म्हणाल्या, "खोलीला कुलूप लावा. मी भाईर बसते." आणि उशी घेऊन अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसल्या.

कुलूप लागलं. नंतर उरलेल्याही यायच्या बंद झाल्या. मी जात राहिले, त्याला धाडस म्हणू नका. वहिनी मला अंगणात न्हायला लावल्याशिवाय आत घेत नव्हती आणि भाऊ बोलत नव्हता. पण तसाही तो माझ्याशी काय बोलत होता? मी बाईंच्या समोर बसून कुत्र्यानं गुंतवलेलं सूत सोडवून दिलं.

पहिल्या दिवशी बाईंनी हौसाच्या उशीला हात लावला नाही. आपली स्वतःची उशी घेतली आणि तिच्यावर तीच बारीक पानं करू लागल्या. थोडी करायच्या, बघायच्या, कापून टाकायच्या. परत करायच्या, परत कापायच्या. मला कळेना, इतकी सुरेख लेस का कापतात. मग त्याच वैतागून म्हणाल्या, "डावा काठ सैल पडंना गं." एवढी वर्षं ज्या हातांनी काठ ताठ ओढला त्यांना ढिला सोडता येत नव्हता. मुद्दाम सोडला की तो मुद्दाम सोडलेला दिसायचा. हौसाचा काठ कसा आपसूक सुटायचा.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर बाई पाय लांब करून बसल्या होत्या. मांडीवर, पोटाशी, गोधडीचं मोठं गाठोडं बांधलेलं. त्याच्या पलीकडं हौसाची उशी, आणि हात लांब करून, पाठ मागं टाकून, धापा टाकत त्या काड्या ओलांडत होत्या. म्हातारी, बिनलग्नाची बाई, लिंबाखाली पोटाशी गाठोडं बांधून बसलेली. रस्त्यानं जाणारी माणसं बोटं दाखवून हसत होती, कुणी म्हणालं येड लागलं. मला मान वर करवेना. बाईंनी मला जवळ बोलावलं आणि काठ दाखवला. सुटला होता. अगदी हौसाचा हात.

"मी तिला पट्टीनं मारत हुते," त्या म्हणाल्या. "तिच्यावानी बसून बगायचं सुचलं न्हाय मला."

तो वर्ग परत उघडला नाही. कुलूप काढलं ते त्या खोलीत खताची पोती भरायला. आमच्यातल्या कुणी भांगलायला गेल्या, कुणी घरातच राहिल्या. मी भावाच्या शेतात वांगी तोडू लागले. माझ्या उशीतलं काड वहिनीनं म्हशीपुढं टाकलं. बाई इंदापूरला परत गेल्या. पुढं एकदा एसटीनं जाताना मी उतरून त्यांना शोधलं. एका ओळखीच्यांच्या ओसरीवर राहत होत्या, नजर अधू झाली होती. मी नमस्कार केला तर माझी बोटं चाचपून म्हणाल्या, "लेस सोडलीस." मी हो म्हणाले.

पण मला सांगायचं आहे ते लेस उतरवली त्या दिवसाचं. सकाळी शेवटची टाचणी निघाली. बाईंनी लेस घडी करून फडक्यात ठेवली आणि हौसाची उशी घेऊन परत त्या बाभळीखाली गेल्या. जिथून उचलली होती तिथं ठेवली. "आता झाली उशी," म्हणाल्या.

दुपारी निरोपाप्रमाणं सुप्याहून हौसाची आई आली. पदराखाली नात होती. हौसाच्या सासरच्यांनी पोर तिला देऊन टाकली होती, शेळीच्या दुधावर तगली होती. म्हातारी लिंबाखाली टेकली. बाईंनी लेस पुढं केली, तर तिनं हात मागं घेतला.

"बाई, येक इचारू का? राग मानू नगा. हौसा म्हनायची, बाईस्नी हात वळखू येतो. मला हिच्यातली तेवढी हौसाच्या हातची कापून द्या. बाकीची तुमची, तुमी ठिवा. तुमी लई केलंत, पर ही पोर मोठी झाली की मी दावनार हाय, तुझ्या आईच्या हातची म्हनून. त्यात दुसऱ्याचं नगं."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. कुठवर हौसाची आणि कुठून बाईंची, ते मला ठाऊक होतं, कारण मी रोज बघत होते. माझ्याशिवाय फक्त बाईंना ठाऊक होतं.

"सगळी तिचीच हाय," बाई म्हणाल्या. "तिनं पुरी केली हुती. मी नुस्त्या टाचण्या काढल्या."

उभ्या आयुष्यात कुणाच्या लेसेला खोटं चांगलं न म्हटलेली बाई ती. म्हातारीनं त्यांच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग लेस घेतली आणि मांडीवर पसरून डाव्या काठावरून अंगठा फिरवत गेली, एका टोकापासून, सावकाश. पोर कुरकुरली, तिला थोपटलं, परत अंगठा ठेवला. अगदी शेवटाला, बाईंनी आदल्या दिवशी केलेल्या पानांवर, तो थांबला.

"हितं बगा," ती म्हणाली. "हितं माजी लेक दमल्याली दिसतीया."

"व्हय," बाई म्हणाल्या. "त्या दिशी तिच्या पाठीत कळ हुती."

म्हातारीनं लेस कपाळाला लावली, फडक्यात बांधली आणि पोरीच्या अंगाशी खोचून निघाली. बाई तिच्याकडं बघत राहिल्या. ती वळणाआड गेल्यावर त्यांनी पदराच्या टाचण्या काढून एकेक करून तोंडात धरल्या आणि मांडीवर दोन्ही हात पसरले. समोर उशी नव्हती.